ऍलर्जीच्या दम्यावर तीन वर्षं इंजेक्शनं घेतली, त्याचा सगळा अनुभव

गेल्या शनिवारी, 20 डिसेंबर 2025 ला, माझं 52 वं आणि शेवटचं इंजेक्शन झालं. घरातल्या धुळीतले जे बारीक माइट असतात त्यांच्या ऍलर्जीचं. सुरुवात करायच्या आधी मी नात्यात, शाळेच्या स्टाफमध्ये, भुसावळला माहेरी, सगळीकडे विचारलं होतं की हा कोर्स पूर्ण केलेलं कोणी आहे का, पण पूर्ण केलेलं एकही माणूस सापडलं नाही, जे दोघं-तिघं सापडले त्यांनी पाच-सहा सुया घेऊन सोडून दिलं होतं. तेव्हाच ठरवलं होतं की आपलं पूर्ण झालं तर तारखा, खर्च, त्रास सगळं लिहून ठेवायचं.

मी धरणगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माहेर भुसावळ, वडील रेल्वेत, त्यामुळे लहानपण सगळं क्वार्टरमध्ये गेलं. 2013 ला लग्न होऊन इकडे आले. सासरी शेती, धाब्याचं घर, म्हणजे वरती मातीचं छत, कडीपाटातून बारीक माती दिवसरात्र गळत असते, झाडून झाल्यावर तासाभरात पुन्हा हात फिरवला की बोटं मातकट. 2014 च्या पावसाळ्यात पहिल्यांदा दम लागला. आधी सर्दी, सकाळी उठल्या उठल्या वीस-वीस शिंका, मग रात्री दोन-अडीचला छातीत शिट्टी वाजायला लागायची. आठ वर्षं काय काय केलं ते थोडक्यात सांगते. खोकल्याची औषधं झाली, गावातल्या दवाखान्यात वाफ घेणं झालं, मृगाला हैदराबादला जाऊन माशाचं औषध घेणं झालं, कोणीतरी दिलेल्या पुड्या झाल्या. त्या पुड्यांनी दोन दिवसात इतकं बरं वाटायचं की मी वर्षभर घेतल्या, चेहरा सुजला तेव्हा कळलं की त्यात स्टेरॉइड असणार. नाव-गाव नसलेली पुडी दम्याला कोणी देत असेल तर घेऊ नका, हे कळकळीनं सांगते.

14 जुलै 2022 ची रात्र मी विसरणार नाही. आठवडाभर झड लागली होती, गाद्यांना ओलसर वास येत होता. रात्री एक वाजता दम लागला आणि पंपाचे आठ-दहा झटके मारूनही उतरेना, बोलताना एका श्वासात दोन शब्द निघत नव्हते. यांनी शेजारच्यांची गाडी काढली, पाळधी गेलं, बांभोरीचा गिरणेचा पूल आला तेव्हा मला पुलावरचे दिवे धुरकट दिसायला लागले होते. जळगावला पोचलो तेव्हा बोटाला लावलेल्या मशीनवर ऑक्सिजन 86. तीन दिवस ऍडमिट, वाफ, सलाईनमधून स्टेरॉइड. माझी पोरगी तेव्हा सहा वर्षांची, ती दारात उभी राहून बघत होती आणि आत येत नव्हती. बिल 23,400.

डिस्चार्जच्या वेळी छातीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी फुंकणीची टेस्ट केली, स्पायरोमेट्री, नाकाला चिमटा लावून नळीत जोरात फुंकायचं आणि संपेपर्यंत फुंकत राहायचं, तीन वेळा. पहिल्या सेकंदात जितकी हवा बाहेर पडते तो आकडा माझ्या वयाच्या-उंचीच्या मानानं 61 टक्के आला, मग पंप देऊन पंधरा मिनिटांनी परत केली तर तो 18 टक्क्यांनी वाढला. असा वाढतो म्हणजे नळ्या कायमच्या खराब नाहीत, आवळल्या जातात आणि सुटतात, तो दमा. मला आठ वर्षांत ही टेस्ट कोणी केलीच नव्हती. 800 रुपये लागले. तुम्हाला "ऍलर्जिक ब्रॉन्कायटिस" असं मोघम नाव सांगून वर्षानुवर्षं औषध चालू असेल तर आधी ही टेस्ट मागून घ्या.

मी त्यांना सरळ विचारलं की ऍलर्जीची इंजेक्शनं असतात म्हणे, ती द्या आणि मोकळं करा. ते म्हणाले, "बाई, आधी तीन महिने रोजचा पंप व्यवस्थित घ्या. दमा ताब्यात नसताना मी ते इंजेक्शन देणार नाही, जिवावर बेतू शकतं. फुंकणीचा आकडा 70 च्या वर येऊ द्या, मग बघू." राग आला होता तेव्हा. पण आता कळतं की ज्या डॉक्टरनं पहिल्याच दिवशी सुई सुरू केली त्याच्याकडे परत जाऊ नये. रोजचा पंप म्हणजे बुडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल, सकाळ-संध्याकाळ, नंतर चूळ भरायची नाहीतर तोंड येतं. पंप घेतला की सवय लागते ही भीती मलाही होती, सासूबाईंना तर जास्तच (आम्ही त्यांना जिजी म्हणतो). पण त्या तीन महिन्यांत मी रात्री सलग झोपायला लागले.

नोव्हेंबरला आकडा 76 आला आणि स्किन टेस्टची तारीख मिळाली, शनिवार 19 नोव्हेंबर. शनिवारी आमची सकाळची शाळा असते म्हणून सगळं दुपारनंतर ठेवलेलं. तिथे गेले आणि परत पाठवलं. कारण टेस्टच्या आधी सात दिवस ऍलर्जीची कुठलीही गोळी चालत नाही, मी सेट्रिझिन बंद केली होती पण बुधवारी डोकं दुखलं म्हणून सर्दीची एक साधी गोळी घेतली, त्यात तसलंच औषध असतं हे मला माहीत नव्हतं. सर्दीच्या मिक्स गोळ्या, खोकल्याची सिरप, खाजेची गोळी, सगळ्यांचं पाकीट वाचा किंवा सरळ डॉक्टरांना फोटो पाठवा. पंप मात्र चालू ठेवायचा असतो.

26 नोव्हेंबरला झाली. दोन्ही हातांच्या आतल्या बाजूला पेनानं आकडे लिहिले, प्रत्येक आकड्याजवळ माइट, झुरळ, गाजरगवत, कापूस अशा एकेका गोष्टीच्या अर्काचा एक एक थेंब टाकला आणि प्रत्येक थेंबातून बारीक सुईनं जेमतेम टोचलं, रक्त येत नाही. एक थेंब नुसत्या सलाईनचा, तिथे काही उठायला नको, एक हिस्टामिनचा, म्हणजे ऍलर्जीत खाज-सूज आणणाऱ्या रसायनाचा, तिथे उठायलाच पाहिजे, म्हणजे टेस्ट बरोबर चाललीय हे कळतं. मग हात टेबलावर ठेवून पंधरा-वीस मिनिटं बसायचं आणि खाजवायचं नाही, ते सगळ्यात अवघड. माझ्या डोळ्यांसमोर 4 आणि 5 नंबरला गांध्या फुगत गेल्या, मच्छर चावल्यासारखी सुरुवात आणि मग कडेनं पाय फुटल्यासारखी पसरली. सिस्टरनं पट्टीनं मोजलं, सलाईनच्या जागेपेक्षा 3 मिलिमीटर जास्त असेल तर पॉझिटिव्ह धरतात, माझ्या दोन्ही जातींच्या माइटच्या 9 आणि 11 आल्या. गाजरगवत 5. झुरळ 3. आणि कापूस काहीच नाही.

हे कापसाचं मी मुद्दाम सांगते, कारण त्या वर्षी आमच्या घरात त्यावरूनच ताण होता. आदल्या वर्षी भाव दहा हजारांच्या वर गेलेला, म्हणून 2022 च्या हंगामात सगळ्यांनीच कापूस न विकता घरात भरून ठेवला, आमच्या पुढच्या खोलीत पार छतापर्यंत. मी कापसाला दोष देत होते आणि आबांना म्हणजे सासऱ्यांना वाटत होतं की सून कापूस विकायला लावते. डॉक्टर म्हणाले ऍलर्जी कापसाची नाही, त्याची धूळ नळ्यांना चुरचुरते एवढंच, त्यामुळे कापसाच्या खोलीत झोपू नका, पण तुमचा खरा शत्रू तुमच्या गादीत आहे. लग्नातली कापसाची गादी, दर दोन-तीन वर्षांनी पिंजून घेतलेली, तिच्यात. मी घरी येऊन आबांना तो कागद दाखवला तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग दुसऱ्या दिवशी स्वतः उठून माझी खाट मागच्या खोलीत हलवून दिली.

आता मुख्य भाग, तो म्हणजे ही इंजेक्शनं करतात काय. मला हे समजलं नसतं तर मी अर्ध्यात सोडलं असतं, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. डॉक्टरांनी प्रिस्क्रिप्शनचा कागद उलटा करून चित्र काढलं होतं, तो कागद अजून माझ्या फायलीत आहे.

माइट हा प्राणी मिलिमीटरच्या साधारण एक तृतीयांश. चावत नाही, रोग देत नाही. आपल्या अंगाची झडलेली कातडी खाऊन गादीत राहतो आणि त्याच्या विष्ठेतलं प्रोटीन आपल्या श्वासात जातं. ते सगळ्यांच्याच श्वासात जातं, आबांच्या, जिजींच्या, यांच्या. त्यांना काही होत नाही. मला होतं कारण माझ्या शरीरातल्या पांढऱ्या पेशींपैकी एका टोळीनं त्या प्रोटीनला शत्रू ठरवलंय. त्यांना टीएच-2 म्हणतात. त्या तीन निरोप पाठवतात. आयएल-4 नावाच्या निरोपानं आयजीई नावाचं अँटीबॉडी तयार होतं, आयएल-5 नं इओसिनोफिल पेशी फुफ्फुसात गोळा होतात, आयएल-13 नं चिकट कफ वाढतो आणि नळ्या हळव्या होतात. आयजीई जाऊन मास्ट पेशींवर चिकटून बसतं, आणि पुढच्या वेळी माइटचं प्रोटीन आलं की त्या पेशी हिस्टामिन बाहेर टाकतात, नळ्या आवळल्या.

मग आबांना का होत नाही? मी हेच विचारलं. डॉक्टर म्हणाले, "गावात भांडण झालं तर पोलीस ठाण्यापर्यंत जाण्याआधी कोण मिटवतं?" मी म्हटलं, पोलीस पाटील. "तसं शरीरात पण आहे. टी-रेग पेशी. रेग म्हणजे रेग्युलेटरी. त्या मारामारी करत नाहीत, मारामारी करणाऱ्यांना थांबवतात." आबांच्या शरीरात माइटला ओळखणारे असे पोलीस पाटील भरपूर आहेत, माझ्याकडे त्या एका बाबतीत कमी पडलेत किंवा त्यांचं कोणी ऐकत नाही. त्या पेशी आयएल-10 आणि टीजीएफ-बीटा नावाची रसायनं सोडतात, त्यानं टीएच-2 ची टोळी थंड पडते, टोळीला वाढायला लागणारं आयएल-2 नावाचं खाद्य त्या स्वतःच ओढून घेतात, आणि ज्या पेशी टोळीला "हा बघा शत्रू" म्हणून दाखवतात त्यांना जाऊन चिकटून गप्प करतात. आयएल-10 मुळे आणखी एक होतं, बी पेशी आयजीईच्या ऐवजी आयजीजी4 नावाचं अँटीबॉडी बनवायला लागतात. ते माइटच्या प्रोटीनला आधीच पकडून ठेवतं, म्हणजे ते आयजीईपर्यंत पोचतच नाही. आणि काही बी पेशी स्वतः आयएल-10 सोडून शांत करायच्या कामाला लागतात.

इंजेक्शनमध्ये माइटचंच प्रोटीन असतं. आधी अगदी थोडं, मग दर आठवड्याला वाढवत. श्वासातून किंचित किंचित जाणं वेगळं आणि कातडीखाली ठरवून, वाढत्या मापानं, वर्षानुवर्षं जाणं वेगळं, त्या दुसऱ्या प्रकारानं शरीर नवीन टी-रेग तयार करायला शिकतं. मला ही कल्पना नवीन वाटली होती पण ती फार जुनी आहे, लंडनमध्ये लिओनार्ड नून नावाच्या डॉक्टरनं 1911 साली गवताच्या परागाची इंजेक्शनं देऊन छापलं होतं, तेव्हा आयजीईचा शोधही लागला नव्हता, तो 1960 च्या दशकात लागला. मला सगळ्यात पटलं ते मधमाश्या पाळणाऱ्यांचं उदाहरण. हंगाम सुरू झाला की त्यांना डंख बसतच राहतात, आणि स्वित्झर्लंडमधल्या दावोसच्या संशोधकांनी 2008 साली दाखवलं की त्यांच्या रक्तात थोड्याच दिवसांत आयएल-10 सोडणाऱ्या टी पेशी वाढतात आणि हंगामभर टिकतात, कातडीवर सूजही कमी येते. हंगाम संपला की त्या पेशी परत खाली येतात.

डॉक्टरांनी वाईट बाजूही सांगितली. कोर्स किमान 3 वर्षं. सगळ्यांना लागू पडत नाही. बीपीची काही औषधं, बीटा ब्लॉकर, चालू असतील तर जपून. गरोदर असताना सुरू करत नाहीत. आणि प्रत्येक इंजेक्शननंतर 30 मिनिटं दवाखान्यात बसायचं, काही झालं तरी.

घरी सांगितलं तर जिजी म्हणाल्या, "माय वं, इतल्या सुया? आंगमा रगत तरी राही का?" मी त्यांना वांग्याच्या भरिताचं उदाहरण दिलं, लहान पोराला तिखट एकदम देत नाही, आधी बोटाला लावून चाटवतो. त्यावर त्या म्हणाल्या, मग बोटालाच लावू दे त्याले. (जिभेखालच्या थेंबांची पद्धत खरंच असते, पण आमच्या डॉक्टरांचा अनुभव इंजेक्शनचा होता म्हणून मी तेच घेतलं.)

बाटल्या माझ्या नावानं बनवून कुरिअरनं आल्या, थर्माकोलच्या डब्यात. 2 ते 8 डिग्रीत ठेवायच्या. आमच्याकडे उन्हाळ्यात दुपारी लाइट जाते आणि मे महिन्यात पारा 44-45 असतो, म्हणून मी बाटल्या दवाखान्याच्या फ्रिजमध्येच ठेवल्या, वर नाव, तारीख. गावातल्या दवाखान्यात न्यायचा मोह खूप झाला, दर शनिवारचा जाण्यायेण्याचा अर्धा दिवस वाचला असता. नेल्या नाहीत ते बरं झालं, का ते पुढे येतंय.

पहिलं इंजेक्शन 24 डिसेंबर 2022. दंडावर मागच्या बाजूला, कातडीखाली, इन्सुलिनच्या सुईसारखी बारीक सुई. दुखत नाही फारसं. संध्याकाळी रुपयाएवढी जागा लाल, खाज, बर्फ लावला, सकाळी गेलं. मग दर शनिवारी तेच, एकदा डावा हात एकदा उजवा. जायच्या आधी रोज सकाळी घरी पीक फ्लो मीटरवर (फुंकणीचा जोर मोजायचं छोटं यंत्र) फुंकून आकडा लिहायचे, आकडा पडलेला असेल, ताप असेल, छाती वाजत असेल तर त्या दिवशी इंजेक्शन नाही. असे माझे दोन शनिवार गेले.

18 मार्च 2023. जुन्या पेन्शनचा संप चालू होता, शाळा नव्हती. आणि आदल्याच दिवसापासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट सुरू झालं होतं, त्यामुळे जाताना गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. येताना बसायला मिळावं म्हणून मला लवकर निघायचं होतं. इंजेक्शन झालं, वीस मिनिटं झाली, मी कंपाउंडर दादांना म्हटलं, आजपर्यंत कधी काही झालं नाही, जाऊ द्या ना. ते म्हणाले, नाही ताई, घड्याळ पूर्ण करा. चोविसाव्या मिनिटाला तळहाताला खाज सुटली. मग कानाच्या पाळ्या गरम, मग घशात काहीतरी अडकल्यासारखं, आणि दोन मिनिटांत छाती वाजायला लागली. त्यांनी मला आडवं केलं आणि मांडीत ऍड्रेनलिन दिलं. हृदय इतकं धडधडलं की वाटलं बाकावरून खाली पडते, हात थरथरत होते, पण पाच-सात मिनिटांत छाती मोकळी झाली. संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं, रात्री हे न्यायला आले. त्या गाडीत असते तर बांभोरीच्या पुलावर, उभ्या गर्दीत मला हे झालं असतं. नंतर आठवलं की त्या आठवड्यात मला सर्दी होती आणि मी ती सांगितली नव्हती. सर्दी असेल तर सांगायचंच.

त्या रात्री मी सोडायचं ठरवलं होतं. पोरगी झोपेपर्यंत माझा हात धरून होती. डॉक्टरांनी डोस दोन पायऱ्या मागे घेतला आणि परत चढवत नेला, म्हणून सोळा आठवड्यांचं काम वीस आठवड्यांच्या वर गेलं. जूनपासून महिन्यातून एक.

मधे मे महिन्यात मी स्वतःच्या मनानं आयजीई परत तपासलं, 900 रुपये घालवले, तर ते कमी व्हायच्या ऐवजी वाढलेलं. दोन रात्री झोप नाही. डॉक्टर म्हणाले सुरुवातीला वाढतंच, मग वर्षानुवर्षांनी हळूहळू उतरतं, मास्ट पेशी आधी जरा मंदावतात, त्यानंतर टी-रेग वाढतात, आयजीजी4 त्यानंतरच्या महिन्यांत चढतं, आणि आयजीई सगळ्यात शेवटी. रक्ताचा आकडा बघू नका, रात्री किती वेळा उठलात ते लिहा. मी वहीत लिहायला लागले. जुलै 2022 मध्ये महिन्यात 17 रात्री, जुलै 2023 मध्ये 6, जुलै 2024 मध्ये 1.

यात घर बदलल्याचाही वाटा आहे हे प्रामाणिकपणे सांगते. जुनी गादी काढली, नवीन गादीला आणि उशीला चेनचं बंद कव्हर घातलं, चादरी दर रविवारी कडक गरम पाण्यात, 60 डिग्रीच्या आसपास, कारण साध्या पाण्यानं माइट मरत नाहीत. धाब्याखाली प्लास्टिकचा कागद ताणून बांधला. दिवाळीची झाडझूड यांनी आणि आबांनी केली, गल्लीत लोक बोलले, आबांनी ऐकून घेतलं नाही.

ऍडमिट झालेल्या बिलाच्या प्रतिपूर्तीचं पण लिहिते कारण शिक्षक मैत्रिणी विचारतात. फाइल सप्टेंबर 2022 ला दिली. पहिल्यांदा परत आली कारण एका मेडिकलच्या पावतीवर डॉक्टरची सही नव्हती, दुसऱ्यांदा कारण डिस्चार्ज कार्डवर आणि बिलावर माझं नाव वेगवेगळं, एकीकडे माहेरचं आडनाव. मग एका कार्यालयात फाइल सापडतच नव्हती, तेव्हा माझ्याकडे आवक नंबरचा शिक्का मारलेली झेरॉक्स होती म्हणून वाचले. नोव्हेंबर 2023 ला पैसे आले, 23,400 पैकी 15,860. म्हणून ऍडमिट असतानाच नाव आधारसारखं लिहून घ्या, प्रत्येक पावतीवर सही-शिक्का घ्या, दोन झेरॉक्स सेट ठेवा, आणि फाइल दिली की आवक नंबर घेतल्याशिवाय हलू नका. इंजेक्शनचा खर्च ऍडमिट न होता केलेला म्हणून माझ्या बाबतीत मिळाला नाही.

तो खर्च असा झाला. स्किन टेस्ट 3,500, पहिला बाटल्यांचा सेट 6,000, नंतर दर चार महिन्यांनी 4,200 ची एक बाटली अशा आठ, आणि दर वेळी टोचायचे 150. सगळं मिळून साधारण 51 हजार, तीन वर्षांत. पंप आणि एसटी वेगळं.

2024 च्या उन्हाळ्यात परत सोडायचा विचार आला, या वेळी त्रास नव्हता म्हणून. दीड वर्ष झालेलं, रात्री छान जात होत्या, आणि शेतात पैसा लागत होता. डॉक्टरांनी लंडनचा एक अभ्यास सांगितला, 2017 साली आलेला, गवताच्या परागाच्या ऍलर्जीवर. दोन वर्षं उपचार करून थांबवलं आणि तिसऱ्या वर्षी तपासलं तर उपचार घेतलेल्यांत आणि न घेतलेल्यांत फरक उरला नव्हता. शरीरानं शिकलेलं पक्कं व्हायला तीन वर्षं द्यावी लागतात, असं त्यांचं म्हणणं. मी घरी येऊन हे सांगितलं आणि आश्चर्य म्हणजे जिजीच म्हणाल्या, "सोडू नको व बैन, इतला दिन काढात ना, आखो काढ." पहिलीच्या पोरांना पाढे शिकवताना मीच पालकांना सांगते की आत्ता येतंय म्हणून सोडू नका, दिवाळीच्या सुट्टीत विसरतात, त्यामुळे मला ते लगेच कळलं.

त्याच सुमारास मी हे वाचत गेले. टी-रेगना चालवणारा एक जीन आहे, फॉक्सपी3. तो जन्मतः बिघडला तर मुलग्यांना तान्हेपणीच अंगभर इसब, जुलाब, डायबिटीस आणि खूप वाढलेलं आयजीई असा गंभीर आजार होतो, आयपेक्स नावाचा. म्हणजे शांत करणाऱ्या पेशीच नसतील तर शरीर स्वतःलाच खाऊन टाकतं. अमेरिकेतल्या अमिश आणि हटराइट या दोन शेतकरी समाजांचंही वाचलं, वंश सारखाच, पण अमिश मुलं जुन्या पद्धतीनं गोठ्यात-घोड्यांत वाढतात, त्यांच्यात दमा 5 टक्के आणि यंत्रांवर शेती करणाऱ्या हटराइट मुलांत 21 टक्के, 2016 चा अभ्यास. मला क्वार्टरमधलं माझं लहानपण आणि आबांचा गोठा आठवला. यावरून माझ्या दम्याचं कारण ठरत नाही हे कळतं मला, तरी पोरीला आता गोठ्यात जाऊ नको म्हणत नाही.

6 ऑक्टोबर 2025, सोमवार. संध्याकाळी मोबाइलवर बातमी आली, वैद्यकशास्त्राचं नोबेल मेरी ब्रंको, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना, टी-रेग पेशींच्या आणि शरीराच्या सहनशीलतेच्या शोधासाठी. साकागुचींनी 1995 ला या पेशी वेगळ्या ओळखून दाखवल्या, ब्रंको आणि रॅम्सडेल यांनी 2001 ला आजारी उंदरांवरून फॉक्सपी3 चा बिघाड शोधला. मी फायलीतला तो प्रिस्क्रिप्शनचा कागद काढला. पेनानं काढलेला गोल, आत "टी-रेग", बाजूला मराठीत "पोलीस पाटील". डोळ्यात पाणी आलं. दुसऱ्या दिवशी परिपाठात पोरांना सांगितलं, फळ्यावर तोच गोल काढला. एका पोरानं विचारलं, बाई, माझ्या पण अंगात आहेत का? आहेत म्हटलं, सगळ्यांच्या आहेत.

आजची स्थिती अशी. फुंकणीचा आकडा ऑक्टोबरला 88 होता. पंप बंद नाही, डोस निम्म्याहून कमी झालाय आणि रात्रीचा एकच घेते, तो डॉक्टर कमी करतील तसा होईल. गाजरगवताचं इंजेक्शन घेतलं नव्हतं, त्यामुळे बांधावर ते फुललं की नाक अजून वाहतं. मार्चमध्ये परत फुंकायला बोलावलंय.

परवा शेवटच्या अर्ध्या तासाला बाकावर बसले होते तेव्हा शेजारी पारोळ्याकडची एक बाई होती, दहा-अकरा वर्षांचा मुलगा घेऊन, त्याचं पहिलंच इंजेक्शन. पोरगा दंड धरून बसला होता आणि ती सारखं घड्याळ बघत होती, चारची गाडी होती म्हणे, काही होत नाही ना हो, निघू का? मी तिला मार्चमधलं सगळं सांगितलं. तिनं पिशवी परत खाली ठेवली. माझा अर्धा तास संपला होता तरी मी तिचा संपेपर्यंत बसून राहिले.